गच्चीवरची गादी

"पोटात दुखतंय म्हणजे नेमकं कुठं?" डॉक्टरीणबाईंनी तपासता तपासता विचारलं आणि दानेश्वरीची पंचाईत झाली. दुखत कुठंच नव्हतं. दुखण्याचं सोंग तिनं सकाळी भाकरी थापताना आणलं, आणि ते इतकं वठलं की शिवयोगीनं मोटार रिवायंडिंगचं दुकान बंद ठेवून बायकोला स्कूटरवर घालून थेट इथं आणलं. आता तो बाहेर बाकावर किल्ली चाळवत बसला होता.

"दुखत न्हाय ओ बाई," ती शेवटी म्हणाली. "मला येगळंच विचारायचं हाय."

पण विचारायचं कोणत्या तोंडानं? दोन वर्षांपूर्वी याच दवाखान्यात तिची गर्भपिशवी काढली होती. पोरगी लग्न होऊन पुण्याला गेलेली, घरात दोघंच. शिवयोगी तसा दिवसभर तोंड न उघडणारा माणूस, पण दिवा मालवला की त्याला कंठ फुटायचा, आणि गडी नुसत्या गप्पांवर थांबायचा नाही. ऑपरेशन झालं आणि त्यानं आपल्यापुरती गादी गच्चीवर नेली. उन्हाळ्यात सोलापुरात खाली झोपतंय कोण? तिनं मनावर घेतलं नाही. पावसाळ्यात गादी खाली आली ती पुढच्या खोलीत. थंडीतही तिथंच. उन्हाळा लागला की पुन्हा वर.

एकदा तिनंच धीर करून त्याच्या हातावर हात ठेवला, तर करंट बसल्यासारखा त्यानं हात काढून घेतला. त्यानंतर तिनं हात पुढं केला नाही. शेजारची सिद्धम्मा म्हणायची, "पिशवी काढली की बाई सुटली बघ. आता आराम कर की." दानेश्वरीला सुटायचं नव्हतं, आणि हे सांगायची कुठं सोय नव्हती. आपल्या नवऱ्याच्या लेखी आपण संपलो, या एकाच गोष्टीनं तिचा जीव कुरतडला जात होता.

डॉक्टरीणबाईंना अंदाज आला असावा. "संबंध येतात का तुमचे?"

दानेश्वरी पदराच्या काठाकडं बघत म्हणाली, "त्यास्नीच विचारा."

शिवयोगीला आत बोलावलं. तो चपला दाराशी काढून आला. चेहरा पार उतरलेला. "काय निघालं मॅडम? परत ऑपरेशन का?"

बाईंनी त्याला तोच प्रश्न विचारला, तसा त्याच्या जिवात जीव आला. शाळेत बरोबर उत्तर द्यावं तसा तो म्हणाला, "न्हाय न्हाय. तुमी जपा म्हणाला, तवापासनं मी अंगाला हात न्हाय लावलेला."

"अहो, दोन महिने जपा म्हणाले होते मी."

शिवयोगी बाईंकडं बघतच राहिला. त्या पुढं बरंच काही सांगत होत्या. कसला धोका नाही, घाई करू नका, कोरडं वाटलं तर जेल मिळतं, दुखलं तर थांबा, मुख्य म्हणजे एकमेकांशी बोला. शिवयोगी मान हलवत होता. दानेश्वरीनं त्याच्याकडं एकदाही पाहिलं नाही.

बाहेर त्यानं स्कूटर सुरू केली. ती बसेना.

"मला वाटलं, तुमास्नी माझी किळस येती."

त्यानं स्कूटर बंद केली. "ऑपरेशनच्या वक्ताला तुझं रगत थांबंना तवा रक्तपेढीतनं बाटल्या मीच आणल्या की. परत माझ्यामुळं तसं काय झालं असतं म्हंजे?"

"मग ते मला सांगायचं."

"आता असलं कसं सांगायचं?"

"त्या बाईला सांगितलंत की चटाचटा."

त्यानं पुन्हा स्कूटर सुरू केली. घरी जाताना ती नेहमीसारखी त्याच्या खांद्याला धरून बसली नाही, मागची दांडी धरून बसली. तिला राग आला होता, आणि रागाखाली रडू होतं. वाया गेलेले दिवस कुणाकडनं मागायचे? घरी सोडून तो तसाच दुकानाकडं गेला.

दिवस कलला तसं गल्लीतल्या गच्च्यांवर पाणी मारणं सुरू झालं. जो तो अंथरूण घेऊन वर निघाला. दानेश्वरी उंबऱ्यात पाय सोडून सिद्धम्माबरोबर शेंगा सोलत बसली होती. शिवयोगी दुकानातून लवकर आला. थेट वर गेला आणि डोक्यावर गादी घेऊन जिना उतरू लागला. उन्हानं गादीची एक बाजू पार विटली होती.

"काय ओ," सिद्धम्मानं विचारलं, "एवढ्या उकाड्यात खाली?"

तो थांबला. डास झालेत, पाठ धरलीय, म्हणण्यासारखं पुष्कळ होतं. दानेश्वरीनं शेंगेतून मान वर केली नाही.

"व्हय," तो म्हणाला. "हिच्याजवळ झोपायचं हाय."

सिद्धम्माच्या हातातली शेंग हातातच राहिली. दानेश्वरीचे कान तापले. तिनं उंबऱ्यातले पाय जवळ घेऊन वाट दिली. गादी घेऊन तो आत गेला, आणि पुढच्या खोलीत थांबला नाही.