एका फेरीचं मोल

टेम्पोवर मोडीच्या भांड्यांचं शेवटचं पोतं चढलं तेव्हा करुणा गोदामाच्या दारात येऊन उभी राहिली.

"पितरं होऊ द्या ना," ती नवऱ्याला म्हणाली. "आजच तं लागली. बाबांचा नेम तुमाले मालूम नाही का?"

नेम इश्वरला चांगलाच माहीत होता. भंडाऱ्याच्या बाजारात त्यांचं पितळी भांड्यांचं दुकान आजोबांपासूनचं. लोक जुनी भांडी मोडीत घालत आणि नवी नेत. त्यातल्या एखाद्या भांड्यावर गेलेल्या माणसाचं नाव कोरलेलं असलं, की इश्वरचे वडील ते बाजूला ठेवत आणि त्या वर्षीचा पितृपक्ष सरल्याशिवाय भट्टीला पाठवत नसत. दुःखाच्या भरात माणूस भांडं देऊन जातो, मग पितरांच्या दिवसांत त्याला त्याची आठवण होते, असं त्यांचं म्हणणं. आणि खरंच, वर्षाला एखाददुसरं माणूस खाली मान घालून यायचं आणि आपलं भांडं परत न्यायचं.

"या पंधरा दिवसांत कोण येऊन राहिलं आता?" इश्वर म्हणाला. "उद्या सोलो हाये माहा, एकट्यानं विमान उडवाचं हाये. पैसे भरल्याबिगर विमानाले हात लावू देत नाहीत."

बाजूला ठेवलेली भांडीही त्याने पोत्यात कोंबली होती. करुणाने ते पाहिलं होतं, आणि तिने पाहिल्याचं त्यालाही कळलं होतं. ती दारातून बाजूला झाली.

आता, भांडी विकणाऱ्या माणसाला विमानाचं वेड लागलं कुठून? तर तेही धंद्यातूनच. नागपूरच्या एका फ्लाइंग क्लबाने बक्षिसासाठी पितळी ढाली मागवल्या होत्या. इश्वर त्या पोचवायला गेला आणि तिथल्या एका भल्या माणसाने त्याला दोन सीटांच्या चिमुकल्या विमानात बसवून धावपट्टीवरून एक चक्कर मारून आणली. झालं! चाळिशी उलटलेला, दुकान ते घर आणि घर ते दुकान एवढंच जग असलेला हा माणूस खाली उतरला तो पार कामातून गेलेला. पुढच्याच रविवारी तो तिथे विमान शिकायला नाव घालून आला.

नोकरीसाठी शिकला असता तर लोकांनी समजून तरी घेतलं असतं. नुसत्या हौसेसाठी एवढा खर्च करणारा माणूस बाजाराने पाहिला नव्हता. पोरं त्याला पायलटशेठ म्हणू लागली, तर तो हसून चहा पाजायचा. पण विमानाचा एकेक तास म्हणजे दुकानातली एकेक फळी रिकामी, हे त्याचं त्याला कळत होतं. आधी नोकर काढला आणि रविवारी करुणा गल्ल्यावर बसू लागली. मग दिवाळीचा नवा माल आला नाही. पावसाळ्यात उड्डाणं बंद पडत, आणि मग शिकवणारे सर म्हणत, हात विसरला, पुन्हा पहिल्यापासून शिका. पुन्हा शिकायचं म्हणजे पुन्हा भरायचं. तसाही जिल्हा तुटून गोंदिया वेगळं झाल्यापासून तिकडचं गिऱ्हाईक आटलं होतं, त्यात घरोघरी स्टील आलं. करुणाला घरावर एक खोली चढवायची होती. हळूहळू तिने त्या खोलीचं नाव काढणंच सोडून दिलं.

इश्वर वाईट माणूस नव्हता हो. त्याला फक्त एकदा, बाजूच्या सीटवर कोणी नसताना, विमान वर न्यायचं होतं. एकदाच. मग दुकान पुन्हा उभं करीन, असं तो स्वतःला बजावत असे, आणि ते त्याला खरंही वाटे.

रविवारी ते झालं. सर सोबत दोन फेऱ्या मारून उतरले, दार लावून घेतलं आणि बाहेरून हाताने जा म्हणाले. विमान धावलं, आणि एका माणसाचं ओझं कमी झालेलं ते यंत्र नेहमीपेक्षा लवकर जमीन सोडून उठलं. बाजूची सीट रिकामी होती. खाली भाताची बांधी हिरवीगार दिसत होती, आणि पूर्वेला, जिकडे भंडारा असायला हवं, तिकडे नुसतं धुरकट आभाळ होतं. तो मोठ्याने हसला. एवढं सुख आपल्याला सोसेल का, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. फेरी पुरी झाली, चाकं अलगद टेकली, आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे पोरांनी त्याच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतलं. ओल्या कपड्यांनीच तो एसटीत बसला.

सोमवारी दुकान उघडलं तेव्हा तो येईल त्याला हेच सांगत होता. त्याच गर्दीत चंद्रकलाबाई आल्या. मागच्या गल्लीतल्या. त्यांची एकुलती एक रीता तुमसरला दिली होती, ती बाळंतपणात गेली. वर्षाच्या आत जावयाने दुसरं लग्न केलं आणि रीताच्या आंदणाची भांडी माहेरी परत आली. ती बघवेनात म्हणून तिच्या नावाचा पाण्याचा पितळी गुंड बाईंनी चैत्रात मोडीत घातला होता.

"इश्वरभाऊ, माहा गुंड काढून द्या," त्या म्हणाल्या. "नवमीले लागते. तिच्या सासरी आता तिचं कोणी काही करत नाही. मी एक सवाष्ण जेवू घालीन म्हणतो, तिच्याच गुंडातलं पाणी ठेवीन."

सवाष्ण मेलेल्या बाईची तिथी म्हणजे पितृपक्षातली नवमी. करुणा आत भांडी पुसत होती, तिचा हात थांबला.

गोदामात बघतो म्हणून इश्वर मागे गेला. बघायला तिथे काय होतं? उघडी फरशी होती. त्याने पोती नेलेल्या मोडवाल्याला फोन लावला. माल सकाळीच भट्टीत गेला, असं तो म्हणाला. खोटं काय सांगता येईल याचा इश्वरने विचार केला, नाही असं नाही. चोरी झाली म्हणावं का? पण बाहेर करुणा होती. शेवटी तो एक नवाकोरा गुंड घेऊन बाहेर आला.

"काकू, तुमचा गेला," तो म्हणाला. "माही चूक झाली. हा घ्या. पैसे नको. नाव मी आता घालून देतो."

चंद्रकलाबाईंनी नव्या गुंडावरून हात फिरवला.

"नाव तं घालाल, भाऊ. पण तो तिनं शाळेत असताना नळावर पाडला होता, बुडाले पोचा होता त्याच्या. तो पोचा कोठून आणाल?" मग त्यांना काहीतरी सुचलं आणि त्यांनी काळजीने विचारलं, "एवढी काय नड पडली होती? घरात कोणी बिमार होतं का?"

हो म्हणणं सोपं होतं. इश्वरने खरं ते सांगितलं. सकाळपासून जे बोलताना तोंड दुखलं नव्हतं, तेच आता एकेक शब्द ओढून काढावं लागत होतं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मंग उडलं का?"

"उडलं."

"एकट्यानंच?"

"एकट्यानंच."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "गुंड वाया तं नाही गेला मंग."

त्यात टोमणा असता तर इश्वरला बरं वाटलं असतं. नवा गुंड त्यांनी नेला नाही. जाताना त्या करुणाला नवमीच्या जेवणाचं आवतन देऊन गेल्या. गल्लीत रीताच्या वयाच्या जवळपासची दुसरी कोणी सवाष्ण नव्हती.

नवमी रविवारी आली. इश्वर नागपूरला गेला नाही. क्लबातून फोन आला, तो त्याने वाजू दिला. करुणा दुपारी दुकानात परतली ती नवा खण हातात घेऊन. ती फार रडली असावी.

"रीताच्या पाटावर बसवलं मले," ती म्हणाली. "पोरीले वाढावं तसं वाढलं." खणाची घडी घालत म्हणाली, "मले विचारत होत्या, तुमचे मालक एवढे वर गेले होते, तं आपलं भंडारा दिसलं का म्हणून. आपली गल्ली दिसली का म्हणून."

"काय सांगितलं तू?"

"दिसली म्हणलं."

इश्वरच्या डोळ्यांपुढे पूर्वेचं ते धुरकट आभाळ आलं. समोर एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं होतं, त्याला भाव विचारत होतं. करुणा उठली आणि तिने भाव सांगितला.