आठव्या महिन्यातली लेन्स

फिलिपीन्समधल्या आमच्या इलोइलोच्या बाजारात दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला, व्हिडिओ गेमच्या जुन्या मशिनांची दोन दुकानं समोरासमोर आहेत. मधल्या बोळात माझं मोबाइलच्या कव्हरांचं टेबल. त्यामुळे दोन्हीकडचं बोलणं मला बसल्या जागी ऐकू येतं, आणि जे ऐकू येत नाही ते दोघंही आपण होऊन येऊन सांगतात.

एक दुकान मनांग हर्मिनियाचं. मनांग म्हणजे ताई. वीस वर्षं ती तैवानमध्ये सर्किट बोर्डांच्या कारखान्यात होती. परत आली तेव्हा चष्म्याचा नंबर वाढला होता, पण हात असा स्थिर, की कप उचलला तर आतल्या कॉफीला पत्ता लागू नये. दुसरं दुकान मनोंग, म्हणजे दादा, देल्योचं. देल्यो आधी शवपेट्या विकायचा. "त्या धंद्यात गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येत नाही रे विल्मार," तो मला म्हणायचा, "तिथेच मी बिघडलो."

दोघांचा माल एकच. जपानहून जुन्या सामानाचा कंटेनर येतो, त्यातून मशिनं पोत्याने निघतात. जन्मभर शंभर व्होल्टवर चाललेली ती मशिनं वाटेत कुणीतरी आमच्या दोनशेवीसच्या सॉकेटात खोचून बघितलेली असतात, त्यामुळे कित्येकांचा वीजपुरवठ्याचा भाग जळून कोळसा. उरलेल्यांत कुठे झुरळांचा संसार, कुठे पंखा जाम, कुठे चकती वाचणारी लेन्स थकलेली. आणि सगळ्यात वाईट रोग म्हणजे मुख्य चिपखालचा डाख तडकणं. मशीन चालू होतं, दोन मिनिटं दिवा दाखवतं, आणि डोळे मिटतं.

या रोगावर देल्योचं औषध एकच. हीट गन. चिपवर गरम हवेचा झोत मारायचा, डाख जरा सैलावतो, कसाबसा चिकटतो, मशीन उठून बसतं. दोन-तीन महिने बसतं. मग देल्यो ते पुसायचा, त्यावर 'नव्यासारखं' असं सोनेरी स्टिकर लावायचा आणि तीन महिन्यांची वॉरंटी द्यायचा.

हर्मिनिया चिप उचलून काढायची. जुना डाख खरवडायची, मोहरीहून बारीक डाखाचे मणी नव्याने बसवायची, पेस्ट बदलायची आणि मशीन तीन दिवस सलग चालवून बघायची. मग त्याला एक चिठ्ठी बांधायची: काय बिघडलं होतं, काय केलं, आणि यापुढे काय बिघडेल.

"शेवटची ओळ तरी गाळ," मी तिला शंभरदा सांगितलं.

"मग घेणाऱ्याला कळणार कसं?"

"कळू नये म्हणूनच गाळायची, मनांग!"

एकदा एक जोडपं आलं होतं. बाईला निळं मशीन आवडलं. तिने विचारलं, "हे चांगलं आहे ना?"

"चांगलं आहे," हर्मिनिया म्हणाली. "पंखा दीड वर्षात आवाज करायला लागेल. घड्याळाची बॅटरी त्याच्याही आधी जाईल. घरात झुरळं आहेत?"

बाईचा चेहरा पडला. नवरा म्हणाला, "आमच्या घरात झुरळं नाहीत."

"सगळ्यांच्या घरात असतात. या मशीनला मागून जाळी लावून घ्या."

दोघं तडक समोर गेली. देल्योने त्यांच्या घराबद्दल चकार शब्द काढला नाही. अर्ध्या तासाने ती सोनेरी स्टिकरवालं मशीन घेऊन हसत जिना उतरली. अडीच महिन्यांनी तेच मशीन घेऊन ती परत आली, तेव्हा देल्योने त्यांना कालामान्सीचं, म्हणजे आमच्याकडच्या बारक्या लिंबांचं, थंडगार सरबत पाजलं, माफी मागितली आणि तिथल्या तिथे दुसरं मशीन दिलं. जाताना बाई मला म्हणाली, "सर्व्हिस असावी तर अशी." हर्मिनियाकडून घेतलेली मशिनं बिघडतच नसत, त्यामुळे तिची सर्व्हिस कशी आहे हे गावात कुणालाच माहीत नव्हतं.

अशात एक दिवस बोसन आर्सेनियो पाल्मारेस आला. बोसन म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा मुकादम. आमच्याकडे दर तिसऱ्या घरातला माणूस जहाजावर असतो, त्यामुळे बोसन म्हटलं की लोक खुर्ची पुढे करतात. हा तर खुर्चीत मावेल असाही नव्हता. त्याला जहाजावरच्या पोरांसाठी सहा मशिनं हवी होती. दहा महिन्यांची फेरी, आणि समुद्रात दुरुस्तीचं दुकान नसतं.

आधी तो हर्मिनियाकडे वळला. "दहा महिने चालतील?"

तिने सहा मशिनं ओळीने मांडली, एकेकाच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. "ही पाच चालतील. याची लेन्स आठव्या महिन्यात दमेल."

"आठव्याच कशी? सातव्या का नाही?"

"जहाज किती हलतं त्यावर आहे. फार हललं तर सातव्या."

बोसनने मिशीवरून हात फिरवला आणि तो समोर गेला. "दहा महिने चालतील?"

"दहा महिने?" देल्यो दुखावल्यासारखा म्हणाला. "दहा वर्षं म्हणा, बोस!"

सौदा झाला. चार दिवसांनी माल न्यायचं ठरलं. बोसन जिना उतरला तेव्हा पायऱ्या करकरल्या, आणि तो आवाज ऐकून देल्योचा रंग उतरला. तो माझ्या टेबलाशी आला.

"विल्मार, हा माणूस दहा महिन्यांनी परत येईल, नाही का?"

"येईलच की. घर इथेच मोलोत आहे त्याचं."

"आणि त्याच्याबरोबर खलाशी किती असतील?"

"बावीस."

देल्यो काही वेळ कव्हरं उलटीपालटी करत उभा राहिला. मग बोळ ओलांडून हर्मिनियाकडे गेला. बारा वर्षांत पहिल्यांदा. सहाची सहा मशिनं तूच दे, म्हणाला. चार दिवसांत नवी होणं शक्य नव्हतं, म्हणून तिने आपली तयार मशिनंच दिली: पाच चांगली, सहावं ते लेन्सवालं. त्याने हवी ती किंमत कबूल केली, फक्त एक अट घातली. "ती चिठ्ठी लावू नकोस. पाया पडतो."

"बाहेर लावणार नाही," हर्मिनिया म्हणाली.

तिने ती आत लावली. झाकणाच्या आतल्या बाजूला, पारदर्शक टेपखाली. मी विचारलं तर म्हणाली, "जो उघडेल त्याला अडचण आहे म्हणूनच तो उघडेल ना? त्याला तरी सांगायला नको?"

दहा महिन्यांनी बोसन आला. जिना करकरायला लागला तसा देल्यो लघवीचं निमित्त करून सटकायच्या बेतात होता, पण बोसनने त्याला बोळातच गाठलं आणि मिठी मारली. देल्योचे पाय जमिनीवरून सुटले.

"मनोंग! तू माणूस आहेस की फादर?"

"का... काय झालं, बोस?"

"पाच मशिनं ठणठणीत. सहाव्याने हिंदी महासागरात मान टाकली. आठवा महिना. पोरं माझ्या जिवावर उठली. मी म्हटलं उघडू या, मरायचंच आहे तर आत बघून मरू. झाकण काढलं तर आत चिठ्ठी! 'लेन्स आठव्या महिन्यात दमेल. लेन्सच्या पोटाशी बारीक स्क्रू आहे, तो डावीकडे केसभर फिरवा, आणखी चार महिने चालेल.' चालली! अरे, मशीन विकताना त्याच्या मरणाची तारीख आत लिहून ठेवणारा दुकानदार मी सात समुद्रांत पाहिला नाही."

देल्योने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. समोर हर्मिनिया भिंगाच्या दिव्याखाली मान घालून बसली होती.

"आमची पद्धतच आहे ती," देल्यो म्हणाला.

त्यानंतर खलाशी येऊ लागले. बोसनने बंदराबंदरांत सांगितलं होतं, की इलोइलोच्या देल्योचं मशीन पृथ्वीला फेरी मारून येतं. देल्योने पाटी रंगवून घेतली: 'आत खरी चिठ्ठी असलेलं एकमेव दुकान.' चिठ्ठ्याही छापून घेतल्या, पाचशे, सगळ्यांवर एकच मजकूर. ज्या मशिनांत चकतीच जात नाही त्यांच्यातही 'लेन्स आठव्या महिन्यात दमेल' ही चिठ्ठी गेली. अर्थात छापलेली चिठ्ठी मशीन चालवत नाही, म्हणून खलाशांसाठीचं प्रत्येक मशीन गुपचूप हर्मिनियाकडे यायचं. शहरातल्या गिऱ्हाइकांना हीट गन चालूच होती. हर्मिनियाच्या फळ्या रिकाम्या, टेबल मात्र भरलेलं. लोक म्हणायचे, बिचारीचं काही खपत नाही, समोरच्याच्या दयेवर जगते.

मला राग यायचा. "एकदा बोल ना! बोसनला सांग, अक्षर माझं आहे म्हणून."

"तो विचारेल तर सांगेन."

पुढच्या फेरीआधी बोसन आला, आणि देल्योकडे जायच्या आधी तिच्याच दुकानात शिरला. मोठ्या मनाचा माणूस, तिला उपदेश करायला आला होता.

"मनांग, राग मानू नका. तुम्ही मला पहिल्या दिवशी घाबरवलंत. गिऱ्हाइकाला असं घाबरवायचं नसतं. देल्योकडून शिका जरा. तोही तोच आठवा महिना सांगतो, पण कसा? योग्य वेळी."

माझ्या हातातलं कव्हर मोडलं. हर्मिनियाने शांतपणे विचारलं, "तो स्क्रू कुठल्या बाजूला फिरवलात?"

"उजवीकडे."

"चिठ्ठीत डावीकडे लिहिलं होतं."

"डावीकडे फिरवला तर जे होतं तेही बंद पडलं. मग उजवीकडे फिरवून पाहिला."

"उजवीकडे!" तिचे डोळे चमकले. तैवानहून आल्यापासून मी तिला इतकं खूश पाहिलं नव्हतं. "म्हणजे त्याच मशिनांत दुसऱ्या जातीची लेन्सही येते. किती फिरवलात? केसभर की दोन केस?" तिने वही ओढली आणि भराभर लिहायला घेतलं.

बोसन वहीकडे बघत राहिला. तिचं अक्षर मोठं आणि डावीकडे झुकलेलं, कारखान्यात लेबलं लिहून लिहून तसं झालेलं. ते अक्षर त्याने हिंदी महासागरात दहा वेळा वाचलं होतं.

त्याचे कान लाल झाले. तो स्टुलावर बसला, स्टूल टिकलं.

"मनांग," तो म्हणाला, "मी गाढव आहे."

"नाही हो. तुम्ही उजवीकडे फिरवून पाहिलंत. गाढवाने मशीन समुद्रात फेकलं असतं."

मला वाटलं, आता न्याय होणार. मी टेबल सोडून दारात येऊन उभा राहिलो. "मग बोस, या वेळची मशिनं इथूनच घेणार ना?"

बोसनने प्रामाणिकपणे विचार केला. तो तसा सरळ माणूस. "बघ विल्मार, इथून घेतलं तर मला मनांगचं काम मिळेल. तिथून घेतलं तर मनांगचंच काम मिळेल, वर तीन महिन्यांची वॉरंटी आणि सरबत. मग तोटा कुठे आहे?"

हर्मिनिया चष्मा पुसत होती.

"बरोबर आहे त्यांचं," ती म्हणाली.

बोसन देल्योकडे गेला, सहा मशिनांची ऑर्डर दिली आणि जाताना आवाज न चढवता एवढंच म्हणाला, "मनोंग, मला सगळं कळलंय. बावीस जणांना अजून सांगितलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी देल्यो गरम पान्देसाल पावांची पिशवी घेऊन हर्मिनियासमोर उभा. पाटीवर तुझं नाव घालतो, म्हणाला. नफ्यात वाटा देतो, म्हणाला. हवं तर बोसनला जाहीर सांगतो, पण तू काम थांबवू नकोस.

"नाव नको," ती म्हणाली. "ती गन दे."

"कुठली?"

"गरम हवेची. आणि त्या छापलेल्या चिठ्ठ्या."

"गन दिली तर शहरातल्या गिऱ्हाइकांचं काय करू?"

"त्यांचीही मशिनं माझ्याकडे दे. उशीर होईल. होऊ दे."

देल्योने गन आणून दिली, पोटच्या पोराला वसतिगृहात सोडावं तशी. हर्मिनियाने तिची वायर कापली.

आता दोन वर्षं झाली. देल्योची मशिनं परत येत नाहीत, आणि त्याचं दुकान ओस पडलंय. पूर्वी दिवसाला चार माणसं भांडायला यायची, सरबत पिऊन शांत व्हायची आणि जाताना एखादा गेम किंवा जादा रिमोट घेऊन जायची. आता विकलेलं मशीन चालतं, माणूस घरीच बसतो. देल्यो दुपारभर माझ्या टेबलाशी उभा राहून कव्हरांना हात लावतो. "विश्वासाने धंदा बसतो, विल्मार," तो परवा म्हणाला. "कुणी सांगितलं नव्हतं मला."

हर्मिनियाने मात्र बोसनचं म्हणणं मनावर घेतलं. तिनेही वॉरंटी सुरू केली. प्रत्येक मशीनला वेगळी, हाताने लिहिलेली. परवा एक नर्सबाई ती वाचत उभी होती. "पंखा एकवीस महिने, लेन्स चौदा, बटणं मूल कोणाचं आहे त्यावर." ती हसली. तिने विचारलं, "एकवीसच का? दोन वर्षं नाही?"

"एकवीस," हर्मिनिया म्हणाली. "घरात झुरळं आहेत?"

नर्सबाईने मान डोलावली. "ढीगभर."

"मग एकोणीस," हर्मिनिया म्हणाली, आणि तिने आकडा खोडून पुन्हा लिहिला. बाईने मशीन घेतलं.