ऐकणारे दोन

सत्यजीतने टाकीचं झाकण सरकवलं, बाही कोपराच्या वर दुमडली आणि पाण्यात हात घालून तरंगता गोळा बाहेर काढला. त्याच्यावर शेवाळ चढलं होतं. ते त्याने रुमालाने पुसलं, वायर ओढून पाहिली आणि गोळा पुन्हा पाण्यात सोडला. गच्चीवरची ही टाकी भरली की खाली घरात, चपलांच्या कपाटावर ठेवलेल्या मुठीएवढ्या संगणकाला ते कळायचं आणि तो फोनवर निरोप पाठवायचा.

नवीन पनवेलातल्या त्या सोसायटीत पाण्याला वेळ नव्हती. कधी पहाटे, कधी दहाला. लग्नानंतरचं पहिलं वर्ष रेवाने नळापाशी कान देऊन काढलं. तेव्हा त्याने हे जमवून दिलं होतं. निरोप पाठवणारी व्यवस्था कुठल्या कंपनीची नव्हती. लोकांनी लिहून फुकट खुली ठेवलेली होती आणि ती त्याने घरातच बसवली होती. पासवर्डसुद्धा नव्हता. निरोप ज्या वाहिनीवरून जात तिचं नाव ज्याला ठाऊक, त्याने ते फोनवर घालावं आणि निरोप घ्यावेत; अशा जोडलेल्या फोनला संगणक ‘ऐकणारा’ म्हणायचा. नाव रेवाने ठेवलं होतं आणि ते दोघांनाच माहीत होतं.

रेवा चिरनेरला माहेरी गेली त्याला दीड वर्ष होऊन गेलं होतं. तरी संगणकावर रोज दिसायचं, ऐकणारे: दोन. एक तो स्वतः. दुसरं कोण, हे विचारायला ज्योतिष्याकडे जायची गरज नव्हती.

सत्यजीत वाईट माणूस नव्हता. उलट इतका कामाचा होता की दुःखालाही तो दुरुस्तीचं काम समजायचा. पाचव्या महिन्यात रेवाचं मूल पोटातच गेलं. ती आठवडाभर आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होती. डॉक्टरांनी दिवसातून तीनदा गोळ्या सांगितल्या होत्या. सत्यजीतने हॉलमध्ये बसून अर्ध्या तासात संगणकासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. सकाळी नऊ, दुपारी दोन, रात्री नऊ. रेवाच्या उशाशी फोन वाजायचा, ‘गोळी घे.’ आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. दोघांच्या मध्ये एक दार होतं, तेही उघडं.

सातव्या दिवशी ती बाहेर आली आणि म्हणाली, आत येऊन सांगितलं असतंस तर गोळीसुद्धा कमी कडू लागली असती. महिनाभराने ती गेली. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे फार वाटलं.

वेगळं राहून वर्ष झाल्यावर, नोव्हेंबरात दोघांनी कोर्टात घटस्फोटाचा अर्ज दिला. फोन करू नकोस, एवढंच तिने सांगितलं होतं. सहा महिन्यांनंतरची दुसरी तारीख मिळाली. त्या दिवशी घरी येऊन त्याने संगणक पाहिला, तर ऐकणारे दोनच. दुसऱ्या दिवशी टाकी भरल्याचा निरोप गेला आणि त्याच्याखाली त्याने पहिल्यांदाच हाताने एक ओळ लिहिली. ‘तुझ्या मोगऱ्याला खत घातलं.’

मग ते रोजचंच झालं. मोगऱ्यावरून तो हळूहळू दुसऱ्या गोष्टींवर आला. दवाखान्यातून परतताना रिक्षात तिचा हात धरायचा होता, पण मध्ये पिशवी होती. आतल्या खोलीत यायची भीती वाटायची, कारण आलो असतो तर मीच आधी रडलो असतो. ऑफिसात कोणाला सांगितलंच नाही, त्यामुळे लोक अजून विचारतात, गोड बातमी कधी. सहा महिन्यांत त्याने लिहिलं तेवढं चार वर्षांच्या संसारात तो बोलला नव्हता.

तिकडून उत्तर येत नसे. पण दुसरा फोन कधी जोडला गेला आणि कधी तुटला, हे संगणक नोंदवून ठेवायचा आणि सत्यजीत त्यावर जगायचा. फोन पहाटे पाचला जोडला जाई. रेवा सातशिवाय उठणारी नव्हती. म्हणजे तिला झोप लागत नाही, असं त्याने ठरवलं. दुपारी तासभर तुटे. म्हणजे वाचून बंद करून ठेवते. मनी वसे ते स्वप्नी दिसे. याला तर ते आकड्यांतही दिसत होतं.

तारखेच्या तीन दिवस आधी त्याने लिहिलं, ‘मला सही करायची नाही. तुला करायची असेल तर ही वाहिनी फोनवरून काढून टाक. मी समजेन. गुरुवारपर्यंत तू ऐकत असलीस तर मी कोर्टात नाही म्हणून सांगेन.’

गुरुवारी सकाळी गोळा साफ करून तो खाली आला. आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, दाराशी थांबून संगणक पाहिला. दोन. किती दिवसांनी तो आरशात पाहून हसला.

कोर्टाच्या व्हरांड्यात रेवा बाकावर बसली होती, शेजारी तिचे वडील प्रभाकर. पांढरा सदरा, पायात नव्या चपला. आयुष्यभर मिठागरात आणि शेतात राबलेला माणूस. कोर्टात यायचं म्हणून सकाळी दाढी करताना हनुवटीला कापून घेतलं होतं. सत्यजीतने त्यांना नमस्कार केला आणि तो रेवापुढे उभा राहिला.

“मी सही करत नाही,” तो म्हणाला. “तुलाही करायची नाहीये. मला माहीत आहे.”

“कोणी सांगितलं?”

“तू रोज ऐकतेस. सोमवारी लिहिलं होतं की काढून टाक, तरी तू काढलं नाहीस.”

रेवाने त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, लाज नव्हती, काहीच नव्हतं. तिने पर्समधून फोन काढला. तो वेगळाच होता, नवा.

“कुठे लिहिलं होतंस?” तिने विचारलं.

प्रभाकर खाली फरशीकडे बघत होते. त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि रेवाचा जुना फोन बाहेर काढला.

“ह्यो माज्याकडं हाय,” ते म्हणाले. “दिवाळीच्या पाडव्याला हिनं नवा घेतला, तवा मला दिला.”

पुढचं ते अडखळत बोलले. फोन पहिल्यांदा वाजला तेव्हा त्यांना वाटलं, सरकारी काही असेल. मग अक्षरावर बोट ठेवून वाचलं. पहाटे पाचला उठायची सवय, उठलं की फोन चालू करायचा. दुपारी वामकुक्षी, तेव्हा बंद. गावात वीज गेली की दुकानात जाऊन चार्ज करून आणायचा. सोमवारचा निरोप आला तेव्हापासून त्यांनी फोन एकदाही बंद केला नव्हता. दुपारची झोपही सोडली होती.

“आबा,” रेवा म्हणाली, “मला का नाही सांगितलंत?”

“तू काडून टाकाया लावलं असतंस. मला वाटलं, कोर्टात भेटतील, तोंडानं बोलतील. जोडलेलं हाय तवर नाय तुटायचं, असं वाटलं मला. चुकलं माजं.”

तिने त्यांच्या हातातून फोन घेतला आणि वाचायला लागली. सत्यजीत उभाच राहिला. व्हरांड्यात कोणाचा तरी वकील कोणाला तरी झेरॉक्स आणायला पाठवत होता. रेवा खालून वर सरकवत राहिली, मधेच थांबून डोळे पुसले, पुन्हा वाचू लागली. सहा महिने ती वीस मिनिटांत वाचत होती. त्याने तिला इतकं रडताना पूर्वी पाहिलं नव्हतं, कारण ती रडत होती तेव्हा तो हॉलमध्ये बसला होता.

एका निरोपावर तिचं बोट थांबलं.

“नाव ठेवलं होतंस?”

“मनातल्या मनात. मुलगी असेल असं धरून.”

“काय?”

“रेणू.”

रेवाने ते ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. “चांगलं आहे,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, “मीही ठेवलं होतं.”

आणि ती त्याच्याकडे बघत राहिली. डोळे ओले होते, पण नजर सरळ होती. प्रभाकरही मान वर करून त्याच्याकडे बघू लागले. सत्यजीतचे ओठ हलले. मग नेहमीप्रमाणे मान खाली घालून त्याने खिशात रुमाल शोधला. शिपायाने आतून दोघांची नावं पुकारली.

रेवा लगेच उठली नाही. शिपायाने दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हा उठली, फोन वडिलांच्या हातात ठेवला आणि पदर सारखा करत पुढे झाली.

आत न्यायाधीशांनी विचारलं, विचार बदलला आहे का? रेवा नाही म्हणाली. सत्यजीतने तिच्याकडे पाहिलं आणि तोही नाही म्हणाला. सह्या झाल्या. बाहेर प्रभाकरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी टाकी साडेसहाला भरली. सत्यजीत कपाटाशेजारी जमिनीवर बसला. ऐकणारे अजून दोनच होते आणि त्यातला दुसरा कोण, हे आता त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने फोन हातात घेतला. मग त्याने लिहिलं, ‘तू काय नाव ठेवलं होतंस?’ आणि पाठवून दिलं.