आधी मोडलं, मग ठरलं

मी एक जुनी अंगठी आहे. सोन्याची म्हणाल तर नाही. पितळेची आहे, वर मुलामा आणि खडा काचेचा. मला घडवणारा कारागीर म्हणाला होता, "हातभर अंतरावरून खरी वाटली की झालं." मित्रांनो, त्या खऱ्या वाटण्यानेच पुढे सगळा घोळ घातला.

मला टीव्हीवरच्या एका विनोदी प्रेमकथेसाठी घेतलं होतं. नायिकेचं लग्न दुसऱ्याशी ठरलेलं, आणि नायक तरीही हात धुऊन तिच्या मागे लागलेला. पहिल्याच दिवशी तिने मला बोटातून काढून नियोजित नवऱ्याच्या हातावर ठेवलं. मला रडूच आलं. कामाला लागले नाही तोच मोडलं! दुसऱ्या दिवशी त्याच नवऱ्याने मोठ्या प्रेमाने मला तिच्या बोटात घातलं. तिसऱ्या दिवशी ते दोघं एकमेकांना ओळखतही नव्हते. आधी कळस मग पाया! चित्रीकरण असंच सोयीने, मागचं पुढे करून चालतं, हे मला फार उशिरा कळलं.

या गोंधळात चूक होऊ नये म्हणून एक वहीवाली होती. मी कोणत्या प्रसंगात बोटात आहे, कोणत्या नाही, सगळं टिपून ठेवायची. एकदा मी घरंगळत सोफ्याखाली गेले आणि तासभर काम थांबलं. दिग्दर्शकाने आकाशपाताळ एक केलं. तेव्हापासून दोन प्रसंगांच्या मध्ये वहीवाली मला स्वतःच्याच बोटात घालून ठेवू लागली.

तिथल्या लाइटवाल्याला सगळे बल्बराव म्हणत. शिडीवर असला तरी एक छोटा दिवा तो न चुकता तिच्या वहीवर वळवायचा. बोलायचा मात्र नाही. एके दिवशी त्याची नजर माझ्यावर पडली, आणि दुसऱ्या दिवसापासून वहीवर उजेड नाही. मला काही समजेना. त्या प्रेमकथेत मला बघून नायकाला आणखी चेव येतो, आणि हा भला माणूस मला बघून मागे सरतो! यातलं खरं वागणं कोणतं? ओरडून सांगावंसं वाटलं, 'अरे, मी खोटी आहे!' पण अंगठीला कसलं तोंड?

शेवटच्या दिवशी सामान गाडीत चढत होतं. वहीवाली स्वतःच त्याच्या शिडीपाशी गेली.

"माझ्या वहीने काय घोडं मारलंय तुमचं? आठवडा झाला, अंधारात लिहितेय."

"तुमचं ठरलंय ना," तो खाली बघत म्हणाला. "मग उगाच कशाला..."

"माझं? कुणाशी?"

त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. ती हसतच सुटली. "ही होय? ही सामानाच्या पेटीतली आहे हो!"

ती मला ओढू लागली. मी हलेना. दिव्यांच्या उष्णतेने बोट सुजलं होतं. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. बल्बराव धावत जाऊन साबणाचं पाणी घेऊन आला आणि तिचा हात धरून मला हळूहळू फिरवू लागला.

"दुखतंय का?"

"थोडं. पण सावकाश काढा. घाई नाही."

आता मी पेटीत काळी पडत चालले आहे. कधी सापडले तर मऊ कापडाने पुसून ठेवा. आणि मित्रांनो, कुणाच्या बोटात अंगठी दिसली तर मनातल्या मनात ठरवून टाकू नका, एकदा विचारा. मला मात्र अजून नीट उमगलेलं नाही. अंगठी घातली की लग्न ठरतं, असं मी शिकले होते. पण त्या दुपारी मी बोटातून निघाले, तरी त्याने तिचा हात सोडला नाही, आणि तिनेही तो काढून घेतला नाही.