राखेची टाकी

मित्रांनो, डोळखांबच्या डोंगरात, एका पाड्याच्या झऱ्याखाली बसलेली मी एक जुनी टाकी आहे. माझी भिंत जेमतेम इंचभर जाड. १९४३ च्या वैशाखात लडकू गवंड्याने मला घडवले.

तेव्हा लढाई चालू होती आणि सिमेंट परवान्याशिवाय मिळत नसे. लडकूजवळ एकच पोते होते. मुरबाडच्या भातगिरणीत बॉयलरखाली तूस जळे आणि राख मागे फेकली जाई. तिच्यातली अर्धवट जळालेली काळी राख त्याने टाकून दिली, करडी तेवढी फडक्यातून चाळून सिमेंटमध्ये मिसळली. तारेच्या जाळीवर दोन्ही अंगांनी तो गिलावा चढवला.

"राख सावकाश धरते," शेजारच्या पारूला तो बजावून गेला. "एकवीस दिस हिच्यावरचा गोणपाट ओला ठेव. सुकला, तर ही तडकली समज."

झऱ्याची धार सुतळीएवढी. एक हंडी भरायला अर्धा तास लागे, म्हणून बायका दिवसरात्र पाळीने बसत. पारूचे दिवस भरत आले होते. मूल झाल्यावर तिला असे बसणे जमणार नव्हते. मी टिकले, तर धार आपोआप माझ्यात साठणार होती. म्हणून आपल्या वाटची एक हंडी ती रोज माझ्या अंगावर ओती.

"भांडी घासायची राख ती! हिच्यात पानी ठरंल होय गो?" म्हातारी सकुबाई टोमणा मारी. "आमी तहानलेल्या, आन् तू राखुंडीला पाजतेस!"

"आत्ये, आज हिला पाजलं, तर उद्या ही आपल्याला पाजंल," पारू हसे.

चौदाव्या दिवशी पारू आलीच नाही. पहाटे तिला मुलगी झाली होती. दुपारपर्यंत गोणपाट कडकडीत वाळला आणि माझ्या काठाखाली केसासारखी भेग पडली. ती तळापर्यंत गेली असती, तर मी संपले होते.

सकुबाई भरलेली हंडी घेऊन निघाली होती. ती थांबली. भेगेवरून तिने बोट फिरवले.

"बघ, मी म्हनत नव्हते?" असे म्हणून तिने सगळी हंडी माझ्यावर रिकामी केली. "पी बाय. त्या बाळंतिणीला मी काय तोंड दाखवू?"

मग ती रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा बसली. उरलेले दिवस बायकांनी आपसात वाटून घेतले. भेग तिथेच थांबली.

तेव्हापासून आजवर एकाही उन्हाळ्यात मी गळले नाही. सुरुवातीला शहापूरहून माणसे मला पाहायला येत. आता कोणी पाहत नाही. हंड्या आपटून काठाचे टवके उडाले आहेत, उघड्या तारेला गंज चढतो आहे.

मित्रांनो, हंडी माझ्यात सावकाश बुडवा. तार दिसली, तर तिच्यावर मूठभर गिलावा चढवा. आणि मग एकवीस दिवस तो वाळू देऊ नका, पाणी कितीही कमी असले तरी.