ताईच्या हातचा शिंपला

शिंपला वाटीत पडला आणि फसफसायला लागला. फेस काठापर्यंत आला तशी शेडमधली गर्दी दोन पावलं मागे सरकली. माझी ताई मात्र जागेवरच उभी राहिली. शिंपला तिने टाकला होता.

कालवांची पैदास करणाऱ्या त्या केंद्रात ती बारा वर्षं टाक्या सांभाळत होती. त्या हंगामात टाकीमागून टाकी पिल्लं मरायला लागली आणि मालकांनी अक्कल गहाण ठेवून सागरबाबाला बोलावलं. बाबाने पाच कामगारांपुढे मंतरलेल्या पाण्याची एकेक वाटी ठेवली आणि प्रत्येकाला तीत शिंपला टाकायला सांगितलं. चौघांचे शिंपले गपगुमान तळाशी बसले.

"समुद्र पाप ओळखतो, लेकरांनो," बाबा म्हणाला. "नवऱ्याला सोडून आलेल्या बाईची सावली कोवळ्या जिवांना सोसत नाही."

मालकांनी तिथल्या तिथे ताईकडून टाक्यांच्या किल्ल्या काढून घेतल्या.

माझं डोकंच फिरलं. वीस वर्षं मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतोय आणि हा भामटा माझ्यादेखत माझ्या बहिणीच्या पोटावर पाय देत होता. मी तिची वाटी नाकाशी नेली. एवढ्या धुपाच्या धुरातही व्हिनेगरचा वास लपत नव्हता. बाबाजवळ दोन सुरया होत्या, एकीत साधं पाणी आणि दुसरीत हे. दुसरीतून नवी वाटी भरून मी मालकांच्या हातात शिंपला दिला.

"टाका. तुमचं पाप बघू."

तोही तितकाच फसफसला. शिंपल्यातलं कॅल्शियम कार्बोनेट आम्लात विरघळतं आणि वायू सुटतो, मग शिंपला संताने टाको की चोराने. बाबा सुरया तिथेच टाकून पसार झाला.

पण पिल्लं मरतच होती आणि ताईबद्दलची कुजबुजही थांबली नव्हती. म्हणून मी शाळेतला सामू, म्हणजे पीएच, मोजायचा मीटर नेला; सामू जितका कमी, तितकं पाणी आम्लाकडे झुकलेलं. पहाटेचं पाणी शांत म्हणून शुद्ध, या समजुतीने मालक टाक्या पहाटेच भरायला लावत. त्या पाण्याचा सामू ७.७ भरला, दुपारी चारच्या पाण्याचा ८.१. रात्रभर पाण्यातले जीव कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि उन्हाशिवाय वनस्पती तो शोषत नाहीत, मग तो पाण्यात विरघळून सौम्य आम्ल बनतो. त्यात कारखान्यांचा, गाड्यांचा हाच वायू वर्षानुवर्षं समुद्रात मुरतोय. समुद्राचं व्हिनेगर झालेलं नाही, पण कवच बांधायला लागणारं कार्बोनेट अशा पाण्यात कमी पडतं. दोन दिवसांचं पिल्लू तेवढ्यानेही मरतं.

मालकांनी नाइलाजाने एक टाकी दुपारी भरली. तीन आठवड्यांनी तिच्यातली बहुतेक पिल्लं जिवंत होती.

मालक किल्ल्या घेऊन घरी आले आणि झालं गेलं विसरून जा म्हणाले. ताईने हात पुढे केला नाही.

"विसरते. पण शेडमध्ये सगळ्यांसमोर मला पापी ठरवलंत ना? मग तिथेच सगळ्यांसमोर सांगा, पिल्लं तुमच्या पहाटेच्या पाण्याने मेली."

हे एक वाक्य बोलायला मालकांना नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी ताई कामावर गेली. पाणी तपासायला दोन मिनिटं लागतात. काही मेलं, काही बिघडलं, तर आधी ती दोन मिनिटं द्या. मग एखाद्या बाईकडे बोट दाखवायची गरजच उरणार नाही.