पाचवं जाकीट

स्कॉटलंडमधल्या आमच्या डिंगवॉलमध्ये माणूस लग्नाला किल्ट, म्हणजे पुरुषांचा चौकड्यांचा घागरा, नेसून आला, एवढ्यावरून त्याच्याबद्दल काही कळत नाही. सगळेच नेसतात. कळतं ते वरच्या जाकिटावरून. लग्नघरची माणसं एकसारखं घालतात: काळं, आखूड, चांदीच्या बटणांचं, समोरून कधी मिटतच नाही असं. पाहुण्यांनी दुसरं काहीही घालावं. बहुतेक जण ट्वीडचं, जाड लोकरी कापडाचं घालतात, खिशांचं, शिंगाच्या बटणांचं. पाहुण्यानं काळं घातलं, तर तो न बोलावता घरच्यांच्या फोटोत घुसला असं गावातल्या बायका पुढच्या लग्नापर्यंत बोलतात. मी या दुकानात एकतीस वर्षं मापं घेतेय. चर्चच्या दारात उभी राहिले की नुसती जाकिटं बघून सांगते कोण घरचा, कोण पाहुणा, आणि आपण यातले कोण हे कुणाला अजून ठाऊकच नाही.

डुगल फर्कर या तिसऱ्या प्रकारातला.

डुगल घरांच्या छपरांवर दगडी पाट्या बसवतो. गावातल्या निम्म्या घरांत पाणी गळत नाही ते त्याच्यामुळे. बुधवारी सकाळी दहाला तो कामाच्या बुटांतच दुकानात आला आणि शनिवारच्या लग्नासाठी करडं ट्वीडचं जाकीट हवं म्हणाला. शनिवारचं लग्न मार्सलीचं. मार्सली त्याच्या बायकोची, एफीची, आधीच्या संसारातली मुलगी. ती सहा वर्षांची असल्यापासून डुगलनं तिला वाढवलं. तिचा खरा बाप, गॉर्डन लेंग, तेलाच्या विहिरींवर काम करायला अ‍ॅबरडीनला गेला आणि त्यानंतर फक्त नाताळच्या कार्डांतून परत आला. आता तो लग्नाला येणार होता. हॉटेलात त्यानं खोली घेतलीय हे गावाला त्याच्या आधी कळलं होतं.

मार्सलीनं माझ्याकडे पाच काळी जाकिटं सांगून ठेवली होती. नवरा, त्याचा जिवलग मित्र, नवऱ्याचे दोन भाऊ. या चौघांची नावं वहीत होती. पाचव्या ओळीत नुसतं ‘बाप’ असं लिहिलेलं, आणि मापांची एक चिठ्ठी तिच्या हस्ताक्षरात. नाव काय घालू म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, नाव नंतर सांगते, तुम्ही कामाला लागा. मी स्वतःला हुशार समजते. घरातल्या माणसाची चिठ्ठी कोण पाठवतं, माणूसच पाठवतील, तेव्हा हा गॉर्डनच, असा मी हिशेब केला. चिठ्ठीत उजवा खांदा डाव्यापेक्षा पाऊण इंच उतरलेला होता. मी त्या खांद्यात जाड गादी भरली आणि तेलानं माणसाला कसं एका बाजूला कलंडवलं, म्हणून मनातल्या मनात हसूनही घेतलं.

घरचे सगळे काळं घालणार आहेत, हे मी डुगलला आपलं सहज सांगितलं. त्यालाही ते माहीत होतं. छपरावर बसून त्यानं सगळा विचार केला होता. त्यानंही काळं घातलं आणि गॉर्डननंही घातलं, तर एका फोटोत दोन बाप होतील आणि पोरीला सगळ्यांदेखत एकाकडे पाठ करावी लागेल. ट्वीड घातलं की प्रश्न मिटला. तो मागे कुठेतरी बसेल. तसंही ती त्याला कधी बाबा म्हणाली नव्हती, डुगीच म्हणायची. हे सगळं तो अगदी शहाण्यासारखं बोलत होता. हात मात्र शेजारी टांगलेल्या काळ्या जाकिटाच्या बटणाशी चाळा करत होता. मी बोलण्यापेक्षा हाताकडे जास्त लक्ष देते.

मार्सली समोरच्याच औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. मी म्हटलं, फोन करते, एका मिनिटाचं काम.

“नको,” डुगल म्हणाला. “विचारलं तर ती हो म्हणेल. विचारून मिळालेलं हो मला नको, उना.”

मी फोनकडे नेलेला हात मागे घेतला. सात वर्षांची मार्सली नाचाच्या स्पर्धेसाठी घागऱ्याचं माप द्यायला इथेच आली होती. आत एफी होती. बाहेर पावसात डुगल तिचे नाचाचे बूट कोटाच्या आत धरून उभा होता. आत ये म्हटलं तर म्हणाला, मायलेकींचं चाललंय, मी इथे बरा आहे. कितीतरी वर्षं तो असाच दाराबाहेर बरा होता. चांगुलपणा म्हणतात तो हाच असेल, पण त्यात थोडा भित्रेपणाही मिसळलेला असतो. दोन्ही वेगळे कसे काढायचे, ते मला अजून जमलेलं नाही.

ट्वीडसाठी मी टेप घेतली. छाती चव्वेचाळीस. मग खांदे. उजवा पाऊण इंच उतरलेला. मी परत मोजलं. आयुष्यभर एकाच खांद्यावरून दगड शिडीनं वर नेणाऱ्याचा खांदा उतरणारच. ती चिठ्ठी काढून बघायची मला गरज वाटली नाही.

आता सांगावं की नाही? पोरीनं सांगितलं नाही, म्हणजे तिचं काहीतरी कारण असणार, आणि दुसऱ्याचं गुपित फोडायला मी बसलेले नाही. पण जाकीट अंगावर चढवून बघणं हे तर माझं कामच. ट्वीड मागच्या खोलीत आहे, तोवर लांबीच्या अंदाजासाठी हे घाल, असं म्हणून मी त्याच्या अंगात ते पाचवं घातलं आणि आरशापुढे उभा केला.

डुगलच्या अंगाला कुठलंच जाकीट कधी सरळ बसलेलं नाही. त्याचं मयताला जायचं जाकीट उजवीकडे असं ओढतं, की तो प्रत्येक दफनाला एक खांदा उचलून उभा असतो. आताही त्यानं सवयीनं खांदा उचलला आणि ओढ लागायची वाट बघितली. ओढ लागली नाही. त्यानं हळूहळू खांदा खाली सोडला. मग डाव्या हातानं आतली गादी चाचपली.

“हे कुणाचं आहे?”

“वहीत ‘बाप’ लिहिलंय.”

“नाव?”

“नाव नाही. माप आहे.”

मी चिठ्ठी पुढे केली. अक्षर कुणाचं हे त्याला सांगावं लागलं नाही. त्यानं एकेका आकड्यावर बोट फिरवलं. मग म्हणाला, की ऑगस्टमध्ये एकदा त्याचं ते मयताचं जाकीट कपाटात उलटं टांगलेलं होतं. एफीनं ब्रश मारला असेल असं त्याला वाटलं होतं; मापं आणि उजव्या खांद्याची ओढ मार्सलीनं त्यावरूनच उतरवली होती, हे आता कळलं.

तो हसेल किंवा डोळे पुसेल, अशी माझी अटकळ. तो चिडला. “मग ही बोलली का नाही?”

“तू बोललास?”

तो हात घालायला खिसे शोधू लागला. या जाकिटाला बाहेरून खिसे नसतात. हात कुठे ठेवायचे मग, असं त्यानं तक्रारीच्या सुरात विचारलं. मी म्हटलं, नवरीला चर्चमध्ये बापच घेऊन जातो, तेव्हा एक तिच्या हातात असेल, दुसऱ्याचं तू बघ.

त्यावर तो सरळ दार उघडून बाहेर पडला. खाली डांबर लागलेली कामाची पँट, चिखलाचे बूट, आणि वर चांदीच्या बटणांचं मेजवानीचं जाकीट. जाकीट दुकानाचं होतं, म्हणून मी मागोमाग गेले, असं मी सगळ्यांना सांगते.

औषधांच्या दुकानात रांग होती. डुगल रांगेत उभा राहिला. पुढच्या दोघी बायकांनी वळून त्याला डोक्यापासून बुटांपर्यंत पाहिलं आणि आधी जा म्हणाल्या. तो म्हणाला, माझा नंबर आला की बोलेन. मी त्याच्या मागे उभी राहिले. मार्सलीनं त्याला पाहिलं होतं. पहिल्या बाईच्या पुडीतल्या गोळ्या तिनं दोनदा मोजल्या.

त्याचा नंबर आला.

“बसतंय बरोबर,” डुगल म्हणाला.

“दिसतंय.”

“बोलली का नाहीस?”

“तू काय निवडतोस ते बघत होते,” मार्सली म्हणाली. “ट्वीड घेतलं असतंस, तर तुला बाहेरच राहायचंय असं समजले असते. मी तुला ओढत नेणार नव्हते, डुगी. गॉर्डनला मी कधीच कळवलंय, की तो पाहुणा म्हणून येतोय.”

त्यालाही विचारून मिळालेलं हो नको होतं, हिलाही नको होतं. रक्ताचा थेंबही एक नाही, पण हट्ट मात्र इंचाइंचानं जुळतो. माझ्या टेपला असलं माप घेता येत नाही, हे बरंच आहे.

डुगल काउंटरकडे बघत होता. “चर्चमध्ये मी तुझ्या कुठल्या बाजूनं चालायचं?”

मार्सलीनं नाक ओढलं.

“ते संध्याकाळी घरी बघू,” ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. “आधी मिसेस गेडिसना काय हवंय ते देऊ दे.”

मला काहीच नको होतं. मी घशाच्या गोळ्या मागितल्या. तिनं त्या दिल्या, माझ्या मागे आणखी तिघी जणी आल्या, त्यांनाही त्यांची औषधं मिळाली, आणि तरी डुगल काउंटरपाशीच उभा होता. बाजूला सरक म्हणून तिनंही त्याला सांगितलं नाही.